गाव बिघडलं म्हणे!

पाऊस लागला की नवी मुंबईत एक वाक्य घरोघर फिरू लागतं. कलावंतिणीचा सुळका चढून आलेला, येऊरला जाऊन आलेला, किंवा नुसताच खारघरच्या डोंगरावर भिजून आलेला कुणीतरी सोमवारी पोटऱ्या चोळत सांगतो, ‘‘डोंगर मस्त आहे हो, पण गाव पार बिघडलं. पूर्वीसारखं राहिलं नाही.’’ ऐकणारे हळहळतात. एखादा जाणकार भर घालतो, ‘‘आम्ही गेलो होतो तेव्हा काय होतं तिथे! आता सगळा धंदा झालाय.’’ मग लिफ्टचं दार उघडतं आणि मंडळी आपापल्या मजल्यावर उतरतात. आठव्या, अकराव्या, सतराव्या.

हे मत इतक्या वेळा कानावर पडलंय की त्याला आता शिष्टाचाराचं रूप आलंय. डोंगरातल्या वाडीवर जाऊन यायचं आणि ती बिघडल्याचं सांगायचं, त्याशिवाय ट्रेक पुरा होत नाही. तक्रारीचा सबंध पाढा साधारण असा असतो. शेणानं सारवलेली घरं गेली, पत्रे आणि सिमेंट आलं. चुलीवरची भाकरी अजून मिळते, पण तिचे पैसे मोजून घेतात. पूर्वी लोक कसे प्रेमानं वाढायचे. घरोघर ‘तंबू मिळतील’चे फलक लागलेत. पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. आणि आता म्हणे यांना रस्ता हवाय! रस्ता झाला की संपलंच सगळं. शेवटी उपदेशाचा तुरा: या लोकांनी आपली संस्कृती जपायला हवी.

बोलणारी माणसं वाईट नसतात, हेच खरं अवघड आहे. ती झाडं लावतात, ट्रेकवरून येताना स्वतःचा कचरा पिशवीत घालून परत आणतात, मुलांना मराठी पुस्तकं घेऊन देतात. आपण काही क्रूर बोलतोय असं त्यांच्या स्वप्नातही येत नाही. म्हणूनच हे एकदा सरळ सांगायला हवं की हे मत क्रूर आहे, वर अडाणीही आहे.

‘पूर्वीसारखं’ म्हणजे कधीसारखं, हा प्रश्न विचारून बघा. उत्तर बहुतेक वेळा बोलणाऱ्याच्या वयावरून ठरतं. जो २००५ साली पहिल्यांदा कलावंतिणीच्या पायथ्याच्या प्रबळमाचीवर गेला त्याच्या मते गाव २०१० नंतर बिघडलं. जो २०१५ साली गेला त्याच्या मते करोनानंतर. ज्याची त्याची पहिली सहल हे त्या गावाचं सुवर्णयुग. त्याआधी तिथे काय होतं आणि कोण कसं जगत होतं, याचा पत्ता दोघांनाही नाही.

आधी छपराचं बघू, कारण सगळ्यात जास्त अश्रू तिथेच गळतात. कारवीचा कूड, त्यावर माती-शेणाचा लिंपा, वर गवताचं छप्पर. असं घर देखणं असतं, उन्हाळ्यात गार असतं आणि फोटोत तर फारच उठून दिसतं. फक्त ते दरवर्षी शाकारावं लागतं. माथेरान-प्रबळच्या पट्ट्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्यात गवत कुजतं, कारवीला वाळवी लागते, कूड पुन्हा बांधावा लागतो. कारवी आणायची जंगलातून, आणि जंगल वन खात्याचं. डोक्यावर कारवीचा भारा घेऊन उतरणाऱ्या बाईला वनरक्षकानं हटकलं, तर ‘साहेब, मी संस्कृती जपतेय’ हे उत्तर चालत नाही. पत्रा एकदा घातला की वर्षानुवर्षं बघायला नको. तो उन्हाळ्यात तापतो आणि पावसात त्याच्याखाली शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, हे तिथे राहणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी त्यानं पत्रा निवडला, पाठीवर वाहून डोंगरावर नेला. का, हे त्याला कुणी विचारलंय?

मग तडजोड सुचते: गवत नाही तर नाही, निदान कौलं तरी ठेवायची! मंगलोरी कौल म्हणजे आपल्या लेखी अस्सल कोकण. हे कौल १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनच्या युरोपीय पाद्र्यांनी काढलेल्या कारखान्यातून सुरू झालं. यंत्रावर दाबलेला, भट्टीत भाजलेला, गलबतातून आणि रेल्वेतून गावोगाव पोचलेला माल. तेव्हा आजच्यासारखे हौशी पाहुणे असते तर गवताच्या छपरावर कौल चढताना बघून ‘गाव बिघडलं’ म्हणत तेही हळहळले असते. कौलाला दीडशे वर्षं झाली म्हणून ते परंपरा आणि पत्रा वाडीवर नंतर आला म्हणून तो भ्रष्टाचार, असा हिशोब आहे का?

जेवणाची गंमत तर आणखी वेगळी. डोंगरवाडीवर गेल्यावर आपल्याला ‘अस्सल गावरान’ म्हणून काय हवं असतं? पिठलं, भाकरी, ठेचा. आता हरभरा या उतारांवर पिकत नाही. इथे भात, नाचणी, वरी, थोडा उडीद. ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या घरात वर्षानुवर्षं शिजत आलं ते तांदळा-नाचणीची भाकरी, रानातली भाजी, ओढ्यातली चिंबोरी, सुकट. पिठलं हे घाटावरचं जेवण. वाडीवरच्या बाईनं ते शहरी पाहुण्यासाठी शिकून घेतलं, कारण पाहुणा डोळे मिटून तेच मागतो आणि चिंबोरी पुढे ठेवली तर अर्धी पंगत ‘आमचा श्रावण आहे’ म्हणते. ठेच्यातली मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या गलबतांबरोबर आली, ते सोडूनच देऊ. सांगायचं इतकंच, की ज्या अस्सलपणासाठी आपण चढून जातो तो पुष्कळदा आपल्याच मागणीवरून मांडलेला असतो. ठाकरवाडीतल्या भिंतीवर वारली चित्रं कशासाठी काढलेली असतात? आदिवासी म्हटलं की वारली, एवढंच पाहुण्याला माहीत असतं, म्हणून. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक सवाष्णी लिहितात, त्याला देवीचं अधिष्ठान असतं. तो इथे तंबूवाल्याच्या मोरीच्या भिंतीवर येतो आणि आपण त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतो. संस्कृतीला धक्का लागलाच असेल तर तो इथे लागलाय, आणि तो देणारा हात वाडीवरच्या माणसाचा नाही.

आता पैशाचं. ‘धंदा झालाय’ हे वाक्य नवी मुंबईकराच्या तोंडी ऐकलं की मला खरोखर हसू येतं. ज्या शहरात गाडी लावायच्या जागेची किंमत लाखांत सांगतात, तिथला माणूस डोंगरावर जाऊन भाकरीचा भाव ऐकून दुखावतो! अटल सेतूवरून एका खेपेचा अडीचशे रुपये टोल भरताना पूल किती व्यापारी झालाय असं त्याला वाटत नाही. प्रबळमाचीवर मात्र गॅसची टाकी, पिठाचं पोतं, अंडी, कांदे-बटाटे, सगळं खालच्या ठाकूरवाडीपासून दीड-दोन तास चढून, डोक्यावर किंवा पाठीवर वर येतं. फेब्रुवारी-मार्चनंतर पाणीही दुरून आणावं लागतं. त्या पाण्यानं तुमचं ताट धुतात. याचे पैसे घेणं म्हणजे प्रेम आटणं, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा स्वतःच्या पाठीवरून टाकी चढवून दाखवावी. वरच्या घरात चहा फुकट पाजतील, माणसं तेवढी चांगली आहेत.

आणि हा धंदा तरी किती दिवसांचा? पावसाळ्यातले शनिवार-रविवार, त्यातही मध्येच एखादा अपघात झाला की धबधब्यांवर आणि गडांवर बंदीचा हुकूम निघतो आणि गिऱ्हाईक खालूनच परत फिरतं. मग थंडीतले काही आठवडे. बाकी वर्ष काय करायचं? डोंगराखालच्या वाड्यांतली कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की घराला कडी लावून वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मालकाकडून आधी घेतलेली उचल फेडण्यात तो हंगाम जातो, पोरांची शाळा जाते. खैराच्या झाडापासून कात पाडणं हा कातकऱ्यांचा मूळ धंदा. जंगलाचे कायदे आले आणि तो गेला. त्याला आपण ‘संस्कृतीचा ऱ्हास’ म्हणाल्याचं माझ्या तरी कानावर आलेलं नाही. त्यांनी थापलेल्या विटा कुठे गेल्या, हे नवी मुंबईत राहणाऱ्यानं विचारू नये, भिंतीकडे बघावं. अशा घरातला एखादा मुलगा भट्टीवर न जाता आपल्याच अंगणात चार तंबू लावून राहिला, तर ती या सबंध गोष्टीतली एकमेव बरी बातमी आहे. आपण तिच्यावर हळहळतो!

जाता जाता एक. याच डोंगरांतल्या बायका जून-जुलैत पहाटे उतरून पनवेल-बेलापूरकडच्या रस्त्यांच्या कडेला शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली घेऊन बसतात. रानात पहाटेच्या अंधारात शोधून, निवडून, पानात बांधून आणलेली ती जुडी. तिथे ‘वीसला दोन दे ना गं’ म्हणणारा आणि डोंगरावर ‘यांचं प्रेम आटलं’ म्हणणारा हा पुष्कळदा एकच माणूस असतो.

पण छप्पर, भाकरी, भाव हे सगळं किरकोळ. या मताचं खरं काळीज रस्त्याच्या मुद्द्यात दिसतं. ‘रस्ता झाला की गाव संपलं.’ हे वाक्य बोलणाऱ्याला वाटतं, आपण निसर्गाची बाजू घेतोय. त्याचा अर्थ काय होतो ते बघा. वाडीवरच्या बाईला रात्री कळा लागल्या तर तिला चादरीच्या झोळीत घालून चार माणसांनी बॅटरीच्या उजेडात निसरड्या पायवाटेनं खाली न्यायचं. साप चावला तरी तेच. म्हाताऱ्याला डायलिसिस लागलं तर त्यानं ते लागू देऊ नये. रायगड, ठाणे, पालघरच्या डोंगरांत हे दर पावसाळ्यात घडतं, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत छापून येतं. आणि हे असंच राहावं, कारण रविवारी आपल्याला चढताना समोरून जीप यायला नको!

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांची वाडी, खालापूर तालुका, चौक गावापासून जवळ. पण वर जायला पायवाट एवढीच. तोवर इर्शाळगडाच्या ट्रेकवर ती वाडी म्हणजे चहाला थांबण्याची जागा होती. ‘अजून टिकून राहिलेलं गाव’ म्हणून तिचं कौतुक व्हायचं. त्या रात्री बचावाला निघालेल्यांना पावसात, अंधारात, चिखलातून तास-दीड तास चढावं लागलं. नवी मुंबईतून गेलेला अग्निशमन दलाचा एक अधिकारी त्या चढणीवरच हृदयविकारानं गेला. खराब हवेमुळे हेलिकॉप्टर चालेना, जेसीबी वर नेता येईना. कुदळी-फावड्यांनी आणि हातांनी माती उपसली. २७ मृतदेह सापडले. चौथ्या दिवशी शोध थांबवला तेव्हा ५७ जण बेपत्ता होते, ते बेपत्ताच राहिले. रस्ता असता तर दरड थांबली असती, असं मी म्हणत नाही. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत त्या वाडीचं नावच नव्हतं, तो दोष वेगळा. पण माती हातांनी का उपसावी लागली, याचं उत्तर ‘गाव टिकून राहिलं’ या कौतुकातच आहे.

इथे लगेच एक शहाणा आक्षेप येतो: जंगलातून रस्ता काढायला कायदा परवानगी देत नाही. हा आक्षेप घेणाऱ्यानं २००६ चा वनहक्क कायदा वाचावा. त्याच्या तिसऱ्याच कलमात शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याच्या पाण्याची सोय, वीज आणि रस्ता यांसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरपर्यंत वनजमीन देता येईल, हेक्टरी पंचाहत्तरांहून जास्त झाडं पडता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी, असं लिहिलंय. कायद्यानं हो म्हटलेलं आहे. अडलंय ते दुसरीकडे, आणि त्यात आपलं ‘रस्ता नको गं बाई’ हे सुशिक्षित मत आपला वाटा उचलतंच.

झाडांचा कळवळा तरी खरा मानावा का? ठाणे-बोरिवली जुळा बोगदा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जातोय. त्याच्या बातम्या आपण ‘चला, घोडबंदरची कटकट वाचली’ म्हणून वाचतो. पारसिकच्या डोंगराला दगडखाणींनी किती वर्षं कुरतडलं, ते बेलापूर-तुर्भ्याकडून दिसतंच; त्या खडीवर आपले सेक्टर उभे आहेत. विमानतळासाठी उलवे टेकडी कापून सपाट केली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठवली, आणि उद्घाटनाचे फोटो आपण सगळ्यांनी एकमेकांना पाठवले. आपल्या सोयीसाठी अख्खा डोंगर गेला तर तो विकास. वाडीच्या सोयीसाठी डोंगराच्या कडेनं जीप जाईल एवढी वाट निघाली की निसर्गाचा घात!

हे बोलण्याचा नवी मुंबईकराला तर मुळीच अधिकार नाही. हे शहर काही माळरानावर उगवलेलं नाही. १९७० साली हे शहर वसवणारी सिडको आली आणि पंचाण्णव गावांची शेतं, मिठागरं, खाजणं संपादित झाली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, पाच शेतकरी हुतात्मा झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची गोष्ट पुढे सरकली. त्याच भूमिपुत्रांनी वाढत्या कुटुंबासाठी घणसोली-कोपरखैरणेच्या गावठाणात वर मजले चढवले, तर आपण त्याला ‘बकाल’ आणि ‘बेकायदा’ म्हणतो. म्हणजे बघा: सपाटीवरच्या गावकऱ्यानं सिमेंटचं घर बांधलं तर तो अतिक्रमण करतो, डोंगरावरच्या गावकऱ्यानं बांधलं तर तो संस्कृती बुडवतो. कायदेशीर आणि सुसंस्कृत सिमेंट फक्त आपल्या टॉवरचं!

आणि पाणी? नवी मुंबईचा नळ मोरबे धरणावरून येतो. स्वतःच्या मालकीचं धरण असलेली महापालिका म्हणून आपल्याला त्याचा अभिमान आहे. इर्शाळगडाच्या माथ्यावरून खाली जो सुंदर निळा जलाशय दिसतो, ज्याच्यासमोर उभं राहून सगळे हात पसरून फोटो काढतात, तेच मोरबे. त्या पाण्याखालीही कुणाची तरी शेतं होती, गावं आणि वाड्या होत्या, त्यांच्या मागण्यांची आंदोलनं वर्षानुवर्षं चालली. जमीन घेतली, खडी घेतली, वीट घेतली, पाणी घेतलं. एवढं सगळं नेल्यावर मागे जे उरलं ते, म्हणजे अभाव, त्यांनी आमच्या रविवारासाठी नीट जपून ठेवावा, अशी ही मागणी आहे. तिला संस्कृतीप्रेम म्हणायचं का?

दुसऱ्या बाजूनं येणारं एक मत याच मताचं जुळं भावंड आहे. ते म्हणतं: गाव जपायचंही नको, हलवायचंच. जंगलात माणूस कशाला हवा? संजय गांधी उद्यान उणंपुरं १०४ चौरस किलोमीटरचं, मुंबई आणि ठाण्याच्या मध्ये चेपलेलं. १९९५ साली अतिक्रमणांविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका झाली, १९९७ साली झोपड्या हटवण्याचा हुकूम निघाला, आणि त्या धांदलीत झोपडपट्टी कुठली आणि उद्यानाचं नाव ठरण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे असलेला वारल्यांचा पाडा कुठला, हा फरक करायची सवड पुष्कळांना झाली नाही. वाघोबाला शेंदूर लावून, त्याच्या वाटेत न येता पिढ्यानपिढ्या बिबट्याशेजारी राहिलेली माणसं ‘अतिक्रमण’ ठरली. याच जंगलातला विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. मुंबईला पाणी हवं झालं तेव्हा शहर जंगलात शिरलं, पण शहराला अतिक्रमण म्हणायची पद्धत नाही.

याच उद्यानाची ठाण्याकडची बाजू म्हणजे येऊर. ऐरोलीचा पूल ओलांडला की आपल्यापासून तासाभरावर. उद्यानाभोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र २०१६ च्या डिसेंबरात जाहीर झालं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे सहजी जाऊ नये म्हणून १९७४ पासून महसूल कायद्यात तरतूद आहे. तरी येऊरला बंगले आहेत, हॉटेलं आहेत, लग्नाची लॉन आहेत, रात्री दिव्यांच्या झोतात खेळायची टर्फ आहेत. ती पाड्यावरच्या वारल्यांची आहेत का? रात्रीच्या दणदणाटाविरुद्ध आवाज उठवला तो पाड्यांवरच्याच लोकांनी. बिबट्याला त्रास होतो हेही तेच सांगत होते. आपण मात्र तिथून परतताना बिघाडाचं खापर ‘गाव’ नावाच्या कुठल्यातरी मोघम गोष्टीवर फोडतो, कारण मालकाचं नाव विचारलं तर ते आपल्याच ओळखीतलं निघण्याची भीती असते.

हो, बिघाड आहे. कड्यावरून फेकलेल्या बाटल्या आहेत, चिप्सची पाकिटं आहेत, मध्यरात्री स्पीकर लावून नाचणारे गट आहेत. पण हे सगळं वर कोण घेऊन जातं? वाडीवर दारूचं दुकान नाही, स्पीकर रविवारी गाडीतून येतो. आणि एक कबूल करतो: काही वाड्यांवर बांधलेल्या सिमेंटच्या खोल्या खरंच कुरूप आहेत. मग? आपल्या सेक्टरातल्या किती इमारती बघून कुणाला कविता सुचते? कुरूप घर बांधण्याचा हक्क फक्त बिल्डरनं नोंदवून घेतलाय का?

मोबाईलबद्दल तर बोलूच नये. वाडीवरचा पोरगा मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला दिसतो, कारण आपण त्यावर ‘आठ जण, दोन शाकाहारी, रात्री शेकोटी हवी’ असा निरोप पाठवलेला असतो आणि तो रेंज शोधत असतो. त्याच मोबाईलवर तो आपला निकाल बघतो, सात-बारा काढतो, आजीसाठी रुग्णवाहिका बोलावतो, तीही खालपर्यंतच येते. स्वतःचा मोबाईल हातात धरून आपल्याला मात्र नेटवर्क नसलेलं गाव हवं असतं, ते कसं सापडलं हे दाखवायला फोटो लगेच टाकता आला पाहिजे, ही अट ठेवून.

वाडीनं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे वाडी ठरवील. शिमग्याला कलावंतिणीच्या सुळक्यावर चढून नाचायचं की नाही, घराला कूड ठेवायचा की वीट, पोराला शेतीत ठेवायचं की आयटीआयला घालायचं, पाहुण्याकडून किती घ्यायचे आणि कुठल्या पाहुण्याला खालूनच परत पाठवायचं, हे सगळं. आपल्या सोसायटीच्या फाटकावर भाजीवाल्याला नाव-नंबर लिहायला लावतात, सामानाच्या लिफ्टनं जायला सांगतात, अकरानंतर पार्टीचा आवाज आला तर रखवालदार वर येतो. हे आपल्याला नियम वाटतात. उद्या माचीवरच्या लोकांनी पायथ्याला पाटी लावली की माणशी अमुक रुपये, दारू नाही, स्पीकर नाही, रविवारी फक्त पन्नास जण, आणि तुमच्या आवडीचं शेणानं सारवलेलं घर हवं असेल तर ते सारवण्याची मजुरी वेगळी, तर त्याला काय म्हणणार? तेव्हाही ‘धंदा झालाय’?

इर्शाळवाडीतून वाचलेली माणसं आधी वर्षभराहून अधिक काळ कंटेनरमध्ये राहिली. मग सिडकोनं, त्याच सिडकोनं, चौकजवळ मानिवलीच्या हद्दीत ४४ पक्की घरं बांधली. कूड नाही, गवत नाही, कड्याची सावली नाही. सपाट जमीन आहे आणि रस्ता आहे. ती घरं बघायला कुणी ट्रेकची सॅक घेऊन जात नाही, त्यांचे फोटो कुणी टाकत नाही, कारण ‘पारंपरिक’ असं तिथे काही उरलेलं नाही. ज्यांना अजूनही वाटतं की पत्रा, सिमेंट आणि डांबर यांनी डोंगरातलं गाव बिघडतं, त्यांनी हे मत लिफ्टमध्ये कशाला वाया घालवावं? चौक काही लांब नाही. तिथल्या एखाद्या दारात उभं राहून त्यांनी ते घरातल्या माणसाला तोंडावर सांगून यावं.